मुलीच्या नावामागे कोणाचं नाव?

मुलगी झाली की बारशापर्यंत घरात खल चालतो तो पहिल्या नावाचा. मधलं नाव ठरवायचं असतं हे कोणाच्या मनातही येत नसे. तिथे वडील ठरलेले. आता मात्र ते ठरवावं लागतं.

उदाहरणासाठी मुलगी ईरा, आई शुभदा, वडील निखिल, आडनाव जोशी असं धरू.

‘ईरा निखिल जोशी’ ही आपल्या सवयीची रचना. आटोपशीर, कुठल्याही अर्जात बसणारी. माझा आक्षेप एकच आहे, पण तो मोठा आहे. लग्नानंतर नाव बदलायचं ठरलं की मुलीच्या नावातून हेच मधलं नाव आधी जातं आणि तिथे नवऱ्याचं येतं. कायद्याची अशी सक्ती नाही, तरी बहुतेक घरांत हेच घडतं. आणि आई तर या रचनेत कधीच नसते. नऊ महिने पोटात वाढवलेल्या लेकीच्या नावात आपण कुठेच नाही, याचं मला माझ्या मुलीच्या वेळी फार वाईट वाटलं होतं.

‘ईरा शुभदा निखिल जोशी’. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये हाच क्रम ठरवला: बाळाचं, आईचं, वडिलांचं नाव, मग आडनाव. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांसाठी हा निर्णय आहे. त्यामुळे बाळ इथलं असेल तर मी डोळे मिटून हाच पर्याय सांगेन. फक्त एक गोष्ट आधी बघा. लग्नात नाव बदललेल्या बायकांची काही कागदपत्रं माहेरच्या नावाने असतात, काही सासरच्या. लेकीच्या नावात येईल ते नाव आईच्या आधारवर आहे तेच, त्याच स्पेलिंगचं असू द्या. नाहीतर पुढे शाळेपासून पासपोर्टपर्यंत प्रत्येक ठिकाणी प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं.

‘ईरा शुभदा जोशी’ ही रचना मुलीला एकटीने वाढवणाऱ्या आईसाठी. अविवाहित आईला मुलाचं पालकत्व मागताना वडिलांचं नाव उघड करावं लागणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं. पासपोर्टच्या अर्जातही २०१६ च्या अखेरीपासून आई किंवा वडील, कोणा एकाचं नाव चालतं. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये बाळ जन्मलं असेल तर मधलं नाव पूर्णपणे तुमच्या मर्जीचं; तिथेही मला आईचंच नाव सुंदर वाटतं.

राहिलं आजीचं नाव, म्हणजे ‘ईरा सरस्वती’. परदेशात जरूर ठेवा. इथे मात्र ते आई-वडिलांच्या नावांत भर घालून येतं आणि नाव लांबतं. भारतीय पासपोर्टवर मधल्या नावाचा वेगळा रकाना नाही. आडनाव सोडून सगळं एकाच रकान्यात जातं. खाली यंत्राने वाचायच्या ओळीत नावासाठी, मधल्या खुणा धरून, ३९ जागा असतात. रोमन लिपीत ईरा शुभदा निखिल जोशीला २६ लागतात, सरस्वती घातलं तर ३६. आडनाव चिपळूणकर असतं तर ४१, म्हणजे नाव कापलं गेलं असतं. आजीचं नाव पाळण्यात ठेवा, घरात त्याच नावाने हाक मारा.

घाई मात्र करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण बाळाचं नाव त्या नोंदीत वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मदाखलाच जन्माचा पुरावा धरला जातो, म्हणून त्यावर काय छापलं जाणार हे आधी कागदावर लिहून बघा: मराठीत एकदा, इंग्रजीत एकदा. ईरा ‘आय’ने की दोन ‘ई’ने, शुभदातला ‘एच’ कुठे, हे दोघांनी मिळून ठरवा आणि मगच अर्ज द्या.