बाराशे रुपयांत एक रविवार, आणि एक निकाल नीट कळला

माझी प्रॅक्टिस तालुका कोर्टातली: वाटपाचे दावे, मनाई अर्ज, चेक बाउन्स. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं पीठ) बसलं आणि पक्षकार विचारू लागले, ‘रिट (थेट उच्च न्यायालयातली घटनात्मक याचिका) करता का?’ म्हणून ‘उच्च न्यायालयांचे अलीकडचे घटनात्मक निकाल’ या कार्यशाळेला बाराशे भरले.

सकाळचं सत्र पैसे वसूल. विषय कुणाल कामरा प्रकरण: केंद्र सरकारबद्दलची ऑनलाइन माहिती खोटी किंवा दिशाभूल करणारी आहे का, हे सरकारच्याच फॅक्ट चेक युनिटनं ठरवायचं, या नियमाला विनोदवीर कामरानं दिलेलं आव्हान. जानेवारी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठात मतभेद झाले, न्या. पटेल नियमाच्या विरोधात, न्या. गोखले बाजूनं. मग तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांनी सप्टेंबरमध्ये तो नियम राज्यघटनेच्या अनुच्छेद 14 (समानता) आणि 19 (अभिव्यक्ती वगैरे स्वातंत्र्यं) यांच्या विरुद्ध ठरवला. वक्त्या मॅडमनी दोन्ही मतं शेजारी ठेवून ‘दिशाभूल करणारी’ हा एक शब्द किती मोघम आहे ते उलगडलं. हेडनोट (निकालावरचा छापील सारांश) वाचून हे कळलं नसतं.

दुपारी मात्र हातकणंगल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून नोंदवलेल्या गुन्ह्याचा निकाल आला. उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द करायला नकार दिला, इथवरच सांगितलं! मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला, हे मागच्या बाकावरच्या ज्युनिअर पोरीनं उठून सांगितलं. वक्ते स्लाइड चाळत राहिले. उलटलेला निकाल कुणी आमच्या युक्तिवादात वापरला असता तर?

जेवण बरं, पिठलं उत्तम. नोट्सची पीडीएफ अजून आलेली नाही. पुढच्या वेळी फक्त सकाळपुरता जाईन.