गाडी दान केली, पण आमच्या नावावरून गेलीच नाही

जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात वादळी पाऊस एकापाठोपाठ एक येऊन धडकत होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात ठिकठिकाणी झाडं पडली. फ्रीमाँटला आमच्या घरासमोर उभ्या असलेल्या जुन्या कोरोलावरही एक जाडजूड फांदी कोसळली. टप दबलं, पुढची काच फुटली, सीट भिजून चिंब झाल्या. गाडी जुनी म्हणून विमा फक्त लायबिलिटीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, ठेवला होता, आणि झाड पडल्याची भरपाई कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तरच मिळते. बॉडी शॉपवाल्याने जो खर्च सांगितला त्यात तशीच दुसरी गाडी आली असती.

भंगारवाले अशा गाडीचे थोडेफार पैसे देतात. पण सासूबाई तेव्हा नाशिकहून आमच्याकडे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं चालली बिचारी, भंगारात कशाला घालता? एखाद्या संस्थेला देऊन टाका." विचार वावगा नव्हता. अमेरिकेत गाडी दान करण्याची पद्धत चांगली रुळलेली आहे. संस्था ती गाडी स्वतः वापरते असं फार क्वचित. बहुतेकदा एक मधली कंपनी गाडी उचलून नेते, लिलावात विकते आणि टोइंग व कमिशन कापून उरलेले पैसे संस्थेला देते. हे सगळं कायदेशीर आहे. फक्त 'उरलेले' म्हणजे किती, हे आधी विचारून घ्यावं. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेने २००३ मध्ये ५४ दान गाड्यांचा माग काढला होता. त्यातल्या दोन तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत, दात्याने करात जी किंमत दाखवली तिच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या पदरात पडली होती.

आमच्या वाट्याला आलेला प्रकार मात्र या कायदेशीर रस्त्यावरचा नव्हताच.

नवऱ्याने फोनवर शोधलं तेव्हा सगळ्यात वर एक जाहिरात आली. लहान मुलांसाठी काम करणाऱ्या एका नावाजलेल्या संस्थेच्या नावाशी इतकं जुळणारं नाव, की फरक एका शब्दाचा. फोनवरची बाई अतिशय गोड बोलली. गाडी चालू असो, बंद असो, चेपलेली असो, फुकट उचलून नेऊ. टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा सरकारी कागद, तेवढं तयार ठेवा. आणि करासाठी पावती? "तीन हजार डॉलरची देऊ."

हे वाक्य आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, कारण तिथेच सगळं उघड होतं. २००४ च्या कायद्यानंतर इथे दाता मनाला येईल ती किंमत लावू शकत नाही. संस्थेने गाडी ५०० डॉलरपेक्षा जास्त किमतीला विकली, तर जेवढ्याला विकली तेवढीच वजावट मिळते. मग विक्रीच्या आधी तीन हजारांचा आकडा कुणाला कसा कळणार? खरी संस्था अशा विक्रीनंतर ३० दिवसांच्या आत १०९८-सी नावाचा फॉर्म पाठवते आणि त्यावर विक्रीची रक्कम छापलेली असते. शिवाय वजावटीचा उपयोग कुणाला, हाही प्रश्न आहेच. २०२३ साठी नवरा-बायकोच्या एकत्र रिटर्नला २७,७०० डॉलरची स्टँडर्ड वजावट होती. आपल्यासारखे बरेच पगारदार तीच घेतात, आणि ती घेतली की गाडीच्या दानाचा करात एक पैसाही फायदा नाही. आमच्या सीपीएने, म्हणजे कर भरून देणाऱ्या हिशेबनीसाने, ती पावती नुसती बघून बाजूला ठेवली.

टो ट्रक आला तेव्हा मी घरीच होते. सासूबाईंनी गाडीच्या बॉनेटला हळदकुंकू लावलं. ट्रकवाल्याने तेही मोठ्या आदराने बघितलं, टोपी काढली. (माणूस पोचलेला होता, एवढं मान्य करायला हवं.) मग त्याने टायटल मागितलं. गाडी देणाऱ्याच्या जागी नवऱ्याची सही घेतली, आणि नवऱ्याने खरेदीदाराच्या रकान्यात संस्थेचं नाव लिहायला घेतलं तेव्हा हाताने थांबवलं. "तिथे काही लिहू नका, ऑफिसात शिक्का मारतात. खाडाखोड झाली तर डीएमव्ही टायटल परत पाठवते." डीएमव्हीला, म्हणजे इथल्या आरटीओला, टायटलवर खाडाखोड चालत नाही हे खरंच आहे, म्हणून ते पटलं. खऱ्याचा एक तुकडा घालून खोटं कसं खपवायचं, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

सगळी मेख त्या कोऱ्या रकान्यात होती. सही केलेलं आणि खरेदीदाराचं नाव नसलेलं टायटल हातात आलं, की ती गाडी रोखीने कुणालाही विकता येते. मधल्या माणसाचं नाव कुठेच येत नाही. त्याला नोंदणीचा खर्च नाही, विक्रीकर नाही, डीलरचा परवाना नाही. सरकारी दफ्तरात मालक आपणच. त्यात कॅलिफोर्नियात नंबर प्लेट मालकाकडे राहत नाही, गाडीबरोबर जाते. न्यू जर्सीतल्या लोकांना हे चमत्कारिक वाटेल, कारण तिकडे प्लेट काढून परत करायची असते.

काही आठवड्यांनी डंबार्टन ब्रिजच्या टोलची बिलं येऊ लागली. फोटोत आमचीच प्लेट, टप ठोकून वर काढलेलं, काच नवी. मग ओकलंडचं पार्किंगचं तिकीट. मग एका टो यार्डाची नोटीस: बेवारस गाडी उचलली आहे, उचलल्याचे आणि रोजच्या भाड्याचे पैसे भरा. इथल्या कायद्याने, गाडी बेवारस सापडली तर शेवटचा नोंदलेला मालक जबाबदार धरला जातो. यातून सुटायचं तर गाडी दिल्यापासून पाच दिवसांच्या आत डीएमव्हीला 'नोटीस ऑफ ट्रान्सफर अँड रिलीज ऑफ लायबिलिटी', म्हणजे गाडी दिली, आता जबाबदारी आमची नाही अशी सूचना, द्यावी लागते. ऑनलाइन भरता येते, फी नाही. पण त्यात नव्या मालकाचं नाव-पत्ता लागतो, आणि फोनवरच्या बाईने सांगितलं होतं, "ते सगळं आम्ही करतो."

पावतीवरचा पत्ता एका शॉपिंग सेंटरमधल्या भाड्याच्या टपालपेटीचा निघाला. ईआयएन, म्हणजे संस्थेचा कर क्रमांक, पावतीवर नव्हताच. आयआरएसच्या, म्हणजे इथल्या आयकर खात्याच्या, करमुक्त संस्थांच्या यादीत ते नाव सापडलं नाही. कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलकडे धर्मादाय संस्थांची नोंदवही आहे, तीही ऑनलाइन बघता येते, तिथेही नाही. त्या नोंदवहीत नाव सापडलं तरी पुढचा शेरा वाचा. 'डेलिंक्वंट' (कागदपत्रं थकलेली) किंवा 'सस्पेंडेड' (निलंबित) असेल तर त्या संस्थेला देणग्या मागायचा अधिकारच नसतो.

सासूबाईंनी हे ऐकलं आणि पहिला प्रश्न केला, "टीटीओसारखंच झालं म्हणायचं?" टीटीओ म्हणजे आरटीओत गाडी दुसऱ्याच्या नावावर करणं. सासऱ्यांनी नाशिकला स्कूटर विकली तेव्हा एजंटने २९ आणि ३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मांवर सह्या घेतल्या होत्या, आणि स्कूटर पुढे कितीतरी वर्षं त्यांच्याच नावावर फिरत होती. तिकडेही धोका तोच. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं, की गाडी कितीही हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओत ज्याचं नाव आहे तोच मालक. म्हणजे पुण्यात गाडी एखाद्या ट्रस्टला देत असाल तरी ट्रान्सफर झालेलं आरसी डोळ्यांनी बघितल्याशिवाय फाइल बंद करू नका.

आमच्या उपयोगी पडला तो एक फोटो. गाडी ट्रकवर चढत असताना सासूबाईंनी गावी दाखवायला म्हणून काढलेला. त्यात तारीख होती, ट्रकची प्लेट होती, ट्रकच्या दारावर रंगवलेलं नाव अर्धं दिसत होतं. तो फोटो, पावती आणि उशिरा भरलेली ती नोटीस जोडून आम्ही सगळीकडे अर्ज केले. टोलवाल्यांनी त्या तारखेनंतरची बिलं रद्द केली. ओकलंडचं तिकीट आम्हीच भरलं, कारण भांडण्याची मुदत उलटून गेली होती. टो यार्डाने भाडं सोडलं, उचलण्याचे पैसे सोडले नाहीत. गाडी त्यांनीच पुढे विकून टाकली. ॲटर्नी जनरलकडे आणि पोलिसांत तक्रार दिली आहे. पावतीवरचा फोन आता लागत नाही. जाहिरात मात्र अजून दिसते, नावातला तो एक शब्द तेवढा बदलला आहे.