अकिकाची शेवटची चकाकी: सिरियम ऑक्साईड की हिऱ्याची पेस्ट?
दख्खनच्या काळ्या पाषाणात सापडणारा अकीक (अगेट) हा खडा घरच्या सपाट चकतीवर घासून घुमटाकार केला, ३००० ग्रिटपर्यंत आणला (ग्रिट म्हणजे घासणाऱ्या कणांचा बारीकपणा; आकडा मोठा तितका कण बारीक), की प्रश्न उरतो शेवटच्या पॉलिशचा.

अकिकासाठी माझी पसंती सिरियम ऑक्साईडला. पूड पाण्यात दुधाइतकी पातळ कालवून फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) पॅडवर लावायची आणि चकती हळू फिरवायची. पॅड सुकू लागला की खडा हाताला ओढ देतो. खरी चकाकी तेव्हाच चढते. पण खडा तापतोही तेव्हाच. तो तडकू शकतो, किंवा ज्या लाखेने तो धरायच्या काडीला चिकटवलेला असतो, ती मऊ होऊन काडीवरून निसटतो. म्हणून बोटाने ऊब बघत राहा आणि वेळेत पाण्याचा शिडकावा द्या.

हिऱ्याची पेस्ट महाग, पण चिमूटभर पुरते, पसाराही कमी. माणिक-नीलमची कठीणता मोहस् मापावर ९ (हिऱ्याची १०). तिथे सिरियमचं काम नाही, हिराच हवा. मात्र प्रत्येक ग्रिटला वेगळा पॅड ठेवा. जाड ग्रिटचा एक कण बारीक पॅडवर आला तरी ओरखडे पडतात.

चकती दोन्हींत सपाटच, तेव्हा खडा सतत झुलवत ठेवा, नाहीतर घुमटावर चपटे पट्टे पडतात. पॉलिशने ते झाकले जात नाहीत, उलट उठून दिसतात. तिरक्या उजेडात धरून आधीच शोधा.