बाकी सगळे छान, पण तो जॅक! हेडफोन लावून गिटारचा सराव करताना आलेला अनुभव

गेल्या दिवाळीपासून मी वीस वॅटचा मॉडेलिंग ॲम्प आणि 32 ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचे माप), बंद पाठीचा (कानावरची वाटी बाहेरून बंद असलेला), तारेचा हेडफोन अशी जोडी रात्रीच्या सरावासाठी वापरतो आहे. मॉडेलिंग ॲम्प म्हणजे वेगवेगळ्या ॲम्पच्या आवाजांची डिजिटल नक्कल करणारा ॲम्प. नागपूरच्या मनीषनगरातील आमच्या इमारतीच्या भिंती इतक्या पातळ आहेत की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आपल्याच वाटतात. त्यातच निवासी भागासाठी रात्री दहानंतरची कायदेशीर मर्यादा 45 डेसिबल आहे, आणि डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा इफेक्ट) लावून स्पीकरवर वाजवताना तेवढ्यात भागत नाही. त्यामुळे हेडफोनचा जॅक असलेलाच ॲम्प घ्यायचा हे आधीच ठरले होते.

आवाजाबद्दल सुरुवातीला माझे मत फारसे बरे नव्हते. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या पुढचा आवाज झपाट्याने कमी करतो, तर हेडफोन तो सगळा कानात ओततो, म्हणून कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकरच्या खोक्यातून येणाऱ्या आवाजाची नक्कल) बंद असले की डिस्टॉर्शन कर्कश आणि किरकिरे ऐकू येते. ते सुरू करून ट्रेबल थोडा उतरवल्यावर मात्र स्वर भरीव झाला, आणि स्पीकरवर झाकून जाणाऱ्या माझ्या उजव्या हाताच्या खोडी स्पष्ट ऐकू येऊ लागल्या. ब्लूटूथ हेडफोन चालेल का, असे बरेच जण विचारतात. गाणी ऐकायला चालेल, वाजवायला नाही. कारण त्यात आवाज सहसा एक दशांश सेकंद किंवा त्याहूनही उशिरा पोहोचतो आणि तार छेडल्यावर ती दुसऱ्याच कुणीतरी छेडल्यासारखी वाटते. हेडफोन घेताना ओहमचा आकडाही पाहावा. बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो 32, 80 आणि 250 ओहम अशा वेगवेगळ्या प्रकारांत मिळतो, आणि त्यातला 250 ओहमचा लहान ॲम्पवर बराच दबका वाजू शकतो.

मार्चपर्यंत मला कोणी विचारले असते, तर मी उघड्या पाठीचाच हेडफोन सुचवला असता, कारण त्यात कानांना हवा लागते. मग एप्रिल उजाडला, कूलर सुरू झाला आणि मत बदलले. पारा 45 अंशांकडे सरकत असताना कूलर बंद ठेवून वाजवणे नागपुरात कोणाच्याही अंगात नाही, आणि कूलरच्या घरघरीत उघड्या पाठीच्या हेडफोनमधून हळुवार वाजवलेले काहीच कळले नसते. बंद पाठीचा हेडफोन ती घरघर बरीच अडवतो, मात्र त्याच्या रेक्झिनच्या गाद्या अर्ध्या तासात घामाने चिकट होतात. मी त्यांवर जुन्या सुती बनियनच्या कापडाच्या खोळी शिवून घेतल्या आहेत. कूलरच्या मोटरची गुणगुण गिटारचा सिंगल कॉइल पिकअप (तारांचे कंपन टिपणारा, तांब्याच्या तारेची एकच गुंडाळी असलेला चुंबकी भाग) पकडतो, ती वेगळीच. गिटार घेऊन खुर्चीतच काटकोनात वळले की ती जवळजवळ नाहीशी होते. प्लगचे अर्थिंग मात्र तपासून घ्यावे, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतावे लागते.

हे सगळे सोसण्यासारखे आहे. न सोसण्यासारखा आहे तो जॅक. या ॲम्पचा हेडफोन जॅक 6.35 मिलिमीटरचा, म्हणजे जाड पिनेचा आहे, तर माझ्या हेडफोनची पिन 3.5 मिलिमीटरची, त्यामुळे मध्ये अडॅप्टर लावावा लागतो. अडॅप्टर आणि पिन मिळून बोटभर लांबीचा ताठ दांडा बाहेर राहतो, आणि तारेला बसणारा प्रत्येक हिसका तरफेसारखा थेट जॅकवर येतो. जॅक पॅनेलला नटाने कसलेला नाही, तो केवळ सोल्डरच्या आधारावर बोर्डाला चिकटून आहे. आधी उजवा कान अधूनमधून मुका होऊ लागला आणि पिन थोडी वर दाबली की पुन्हा बोलू लागला. पिन आत गेली की स्पीकर बंद करणारा संपर्कही याच जॅकमध्ये असतो, आणि मेच्या अखेरीस तोही दगा देऊ लागला. हेडफोन कानावर असताना, रात्री साडेअकराला, स्पीकर आपोआप सुरू झाला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी जिन्यात विचारले, "काय हो, रात्री काही कार्यक्रम होता का?"

वॉरंटी शिल्लक होती, म्हणून कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. "सर, जॅक फिजिकल डॅमेजमध्ये येतो, पूर्ण बोर्ड बदलावा लागेल," असे उत्तर मिळाले; बोर्डाचे पावणेचार हजार, आणि एवढे जड खोके आपल्याच खर्चाने पुण्याला पाठवायचे. जो भाग रोज काढ-घाल करण्यासाठीच बनवला आहे, तो वापरल्याने निखळला तर दोष वापरणाऱ्याचा, हा न्याय मला मान्य नाही, आणि तो मान्य नसल्याचे मी लेखी कळवले आहे. त्यांचे उत्तर आलेले नाही. शेवटी सीताबर्डीतील एका दुरुस्तीवाल्याकडे ॲम्प नेला. त्याने मागचे झाकण उघडले, भिंगातून पाहिले आणि म्हणाला, "बोर्ड एकदम मस्त हाय भाऊ, जॅकचं सोल्डर सुटलं हाय फक्त." जॅकच्या पायाभोवती केसाएवढी गोल चीर मला त्याने दाखवली. जुने सोल्डर काढून त्याने नवे भरले, संपर्काची पट्टी साफ करून किंचित वाकवली, आणि दीडशे रुपये घेतले.

आता मी वीतभर लांबीची, काटकोनी पिनेची मऊ जोडतार ॲम्पला कायमची लावून ठेवली आहे आणि हेडफोन तिच्या दुसऱ्या टोकाला जोडतो, म्हणजे हिसका बसला तरी तो तारेतच जिरतो. स्पीकरवर वाजवायचे असेल तेव्हाच तेवढी ती काढावी लागते. हा ॲम्प घेणाऱ्यांनी ही तार पहिल्याच दिवशी घ्यावी. तिला फार पैसे पडत नाहीत. दुकानात मात्र स्वतःचा हेडफोन नेऊन, तो जॅकमध्ये लावून, पिन चारी बाजूंना हलकेच हलवून पाहावी आणि दोन्ही कानांत आवाज सलग राहतो का ते ऐकावे. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, त्या खुशाल घालू द्याव्यात.