‘थोडं काम केलं की झालं’ म्हणून घेतलेला बेस

गेल्या मार्चमध्ये मी एक जुनी बेस गिटार (चार जाड तारांची, खर्जात वाजणारी) 4,800 रुपयांना घेतली आणि पुरता फसलो. पैशांपेक्षा जास्त लागला तो भाचीचा पडलेला चेहरा. ती तेव्हा अकरावीत होती. कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवणारं कुणी नव्हतं म्हणून तिने तो वाजवायचं ठरवलं, आणि मी मामा म्हणून शब्द दिला की सुट्टीत वाद्य तुझ्या हातात असेल. स्वस्तातला बेस आणून घरीच नीट करावा, असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. तो विचार चुकीचा नाही. पण त्यात फसवायला किती जागा आहे हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून झालं ते सगळं लिहितोय.

मी सांगलीत ॲम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्त करतो. ऑर्केस्ट्रावाले, बँजो पार्टीवाले, भजनी मंडळं, सगळ्यांची यंत्रं माझ्या टेबलावर येतात. चार वर्षांपूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका काकांनी वाजवणं थांबवलं, तेव्हा त्यांचा धूळ खात पडलेला बेस मी 3,500 ला घेतला होता. बॉडी प्लायवूडची, पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणांखालचे भाग) खरखरणारे, लाकूड सुकल्यामुळे फ्रेटची, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बाहेर आलेली. नेकवरून, म्हणजे दांडीवरून, हात फिरवला की ओरखडा उठायचा. मी टोकं कानशीने घासली, 250 किलोओहमचे नवे पॉट घातले, जॅक बदलला, आतून तांब्याची पट्टी चिकटवून घरघर घालवली. हजाराच्या आत काम झालं. तो बेस आजही एका मुलाच्या हातात रोज वाजतो. त्यामुळे प्रोजेक्टसाठी, म्हणजे घरी दुरुस्त करून वापरायला, स्वस्त बेस घ्यावा का, याचं माझं उत्तर ‘हो’ होतं आणि आजही एका अटीवर ‘हो’च आहे. नेक सरळ पाहिजे, आणि ते आपण स्वतः मोजून बघितलेलं पाहिजे. काकांच्या घरी निवांत बसून मी ते बघितलं होतं. या वेळी बघितलं नाही.

ऑनलाइन जाहिराती बघायला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक भेटला. सैन्यात आहे म्हणाला, ओळखपत्राचा फोटो पाठवला, बदली झालीय म्हणून बेस 3,000 ला देतो, पूर्ण पैसे आधी टाका, वाद्य घरपोच येईल. हा प्रकार आता सगळ्यांना माहीत झालाय. मी फोन ठेवून दिला. पण त्यातून एक चुकीची खात्री मनात बसली: समोरासमोर भेटून, वाद्य हातात घेऊन पैसे दिले की फसवणूक होत नाही.

मग पुण्यातली जाहिरात दिसली. निळ्या पडद्यासमोर उभा केलेला काळा बेस, 1951 साली लिओ फेंडर यांनी आणलेल्या प्रिसिजन बेसच्या घडणीचा. बरेच स्वस्त बेस त्याच घडणीवरून काढलेले असतात, तेव्हा त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावर, एका नामांकित कंपनीचं नाव. खाली लिहिलेलं, ‘प्रोजेक्ट पीस, मायनर काम’. फोनवर मुलगा अदबीने बोलला. मी काय करतो हे त्याने आधी विचारून घेतलं आणि मग म्हणाला, “दादा, तुम्ही स्वतः सोल्डरिंग करता म्हणजे प्रश्नच मिटला. थोडं काम केलं की झालं.”

या वाक्यावर मी पुढे खूप विचार केला. ‘प्रोजेक्ट’ म्हटलं की आपण दोष माफ करायच्या तयारीनेच जातो. एखादा तयार बेस घेताना ज्या गोष्टीवरून आपण व्यवहार मोडू, तीच गोष्ट प्रोजेक्टमध्ये ‘करून घेऊ’ या खात्यात जाते. समोरच्याला हे पक्कं ठाऊक असतं. दोष त्याला लपवावाही लागत नाही, फक्त मोठा दोष लहान म्हणून दाखवायचा असतो.

त्याने 500 रुपये यूपीआयने आगाऊ घेतले, बाकीचे 4,300 रोख आणायला सांगितले. घरी बोलावलं नाही, स्वारगेटजवळच्या एका गल्लीत संध्याकाळी साडेसातला भेटलो. त्याने बॅटरीवर चालणारा एक छोटा ॲम्प आणला होता. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा आणि बसचा गलका चाललेला. त्याने बेस मांडीवर घेऊन झकास वाजवला, पण हात फिरत होता तो खालच्या दोन बारीक तारांवर, डी आणि जीवर. मी म्हटलं, जाड तारा वाजवून बघू. सगळ्यात जाड ई वाजवली तर आवाज दबलेला. “तार तीन वर्षं जुनी आहे दादा, मेलीय. नवा सेट टाकला की दणका बघा.” बेसच्या तारा जुन्या झाल्या की बोथट होतात हे खरं असल्यामुळे मला ते पटलं. त्याला कुठेतरी पोचायची घाई होती, मला परतीची एसटी पकडायची होती. मोजपट्टी माझ्या पिशवीत होती. ती मी बाहेर काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी 1,600 रुपयांचा नवा तारांचा सेट चढवला. ई आणि ए या दोन जाड तारा तशाच दबलेल्या. तेव्हा पोटात गोळा आला, कारण जुनी तार बोथट होते, तिची चमक जाते, पण तिचा आवाज असा खाली बसत नाही. पिकगार्डचे (बॉडीवरच्या झाकणाचे) स्क्रू काढले.

या घडणीच्या बेसमध्ये 1957 पासून पिकअप, म्हणजे तारेचं कंपन पकडून ॲम्पकडे पाठवणारा भाग, दोन तुकड्यांत असतो. एक तुकडा ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जीखाली, आणि दोन्ही एकापाठोपाठ एक अशा एकाच मार्गात जोडलेले. मीटर लावला की दोन्ही मिळून साधारण 10 ते 11 किलोओहम दिसायला पाहिजेत. मला 5.4 दिसले. टॉर्च घेऊन वाकून बघितलं तर ई-एच्या तुकड्याच्या दोन टोकांमध्ये लाल वायरचा एक इंचभर तुकडा डागलेला. आजूबाजूचं सगळं सोल्डर काळवंडलेलं आणि या दोन ठिपक्यांचं मात्र आरशासारखं चकचकीत. बोट लावलं तर फ्लक्स (सोल्डरिंगला लागणारी राळ) अजून चिकट होता.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका तुकड्याची कॉइल (आतली बारीक वायरची गुंडाळी) तुटली तर मार्गच तुटतो आणि जवळजवळ सगळा बेस मुका होतो. मुका बेस गल्लीत वाजवून दाखवता येत नाही. म्हणून त्या पोराने मेलेल्या कॉइलला वायरने बगल दिली, दोन तारा बोलत्या ठेवल्या आणि मला त्याच दोन वाजवून दाखवल्या. बिघडलेली वस्तू नकळत कुणाच्या गळ्यात मारली जाते, ते मी समजू शकतो. हे तसं नव्हतं. सोल्डरिंग आयर्न तापवून, विचार करून केलेलं काम होतं ते, आणि मी रोज करतो तेच काम. राग त्याचा जास्त आला.

मग मोजपट्टी काढली, जी आदल्या दिवशी काढायला हवी होती. साध्या लांब मापाच्या बेसला नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा अडकवलेल्या असतात ती पट्टी) 34 इंच, म्हणजे 864 मिलिमीटर तार वाजते. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर पाहिजे: नटपासून तिथवर 432 आणि तिथून पुढे ब्रिजच्या सॅडलपर्यंत, म्हणजे तार टेकते त्या तुकड्यापर्यंत, 432 किंवा काही मिलिमीटर जास्त. माझ्याकडे पहिलं अंतर 432 भरलं, दुसरं 418, तेही सॅडल अगदी मागे ओढून. नेक एका बेसचा, बॉडी दुसऱ्याच कशाची तरी. अशा बेसवर मोकळी तार कितीही सुरात लावा, बाराव्या फ्रेटवर दाबली की ती अर्ध्या सुराच्या पाव भागाहूनही जास्त चढी बोलते. शिकणाऱ्या मुलीला हे वाद्य दिलं असतं तर तिला वाटलं असतं, आपलाच कान बिघडलाय. या गोष्टीचं मला फार वाईट वाटलं. हेडस्टॉकवरचं नाव नखाने खरवडलं तर कडेपासून सुटून आलं. स्टिकर होता.

पिकअप बदलता आला असता. ब्रिज उखडून जुनी भोकं बुजवून मागे सरकवता आला असता, कष्टाचं असलं तरी होणारं काम आहे. शेवटी नेक बघितला. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली की मध्ये व्हिजिटिंग कार्डाइतकी फट राहिली पाहिजे. माझ्या फटीतून रुपयाचं नाणं सरकत गेलं. नेकच्या आत एक पोलादी सळई असते, ट्रस रॉड, तिची चावी आवळली की तारांच्या ओढीने पुढे वाकलेला नेक मागे येतो. चार तारा मिळून सत्तर-ऐंशी किलोंची ओढ असते, ती ही सळई तोलते. मी चावी लावली तर ती नुसती गरगर फिरली.

तरी आशा सुटेना. नेक काढून मिरजेला गेलो, सतारमेकर गल्लीत. तिथल्या एका चाचांकडे मी तंबोऱ्याच्या इलेक्ट्रिक पिकअपच्या कामासाठी जात असतो. त्यांनी आयुष्यात बेस उघडलेला नाही, पण लाकूड त्यांना कळतं. नेक डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून त्यांनी एक डोळा मिटला, मग मुळाशी बोटाच्या पेराने टकटक केलं, दोनदा, तीनदा, आणि एका जागी थांबले. तिथे रंग पाण्याच्या थेंबाने पुसून नखाने उकरला. आत पुट्टीची पांढरी भुकटी. “चीर आहे. भरलीय आणि वर रंग मारलाय. आणि लाकूड ओलं असताना कापलंय, सुकवलंच नाही. आमच्या तंबोऱ्याच्या दांडीला एवढा ताण नसतोय, तरी आम्ही असलं लाकूड घेत नाही.” पैसे विचारले तर घेतले नाहीत. चहा पाजला.

घरी येऊन हिशेब मांडला. बेस 4,800, प्रवास 700, तारा 1,600, साधा पिकअप 1,500, पॉट-जॅक 400, आणि दुसरा नेक मागवायचा तर 5,000. चौदा हजार झाले, माझी मेहनत न धरता. त्याच आठवड्यात दुकानात नवा, वॉरंटीचा, शिकणाऱ्यांसाठीचा बेस 11,500 ला होता.

विकणाऱ्या मुलाला फोन केला तर आधी म्हणाला, “तुम्हीच बघून घेतलाय ना?” नंतर नंबर लागेनासा झाला. दोन आठवड्यांनी वेगळ्या नावाने एक जाहिरात दिसली, लाल रंगाचा बेस, ‘प्रोजेक्ट पीस’, मागे तोच निळा पडदा आणि त्याच्या कोपऱ्यातला तोच फाटलेला शिवणीचा टाका. म्हणजे हा त्याचा धंदाच होता. जाहिरातीची तक्रार केली, पोलीस ठाण्यात अर्ज दिला. तिथल्या हवालदारांनी नीट ऐकून घेतलं, पण रोख दिलेल्या 4,300 चा पुरावा माझ्याकडे काहीच नव्हता. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करावा, जितका उशीर तितके पैसे अडवणं कठीण. दुकानदाराने किंवा संकेतस्थळाने फसवलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. रोखीत झालेल्या अशा व्यवहाराला मात्र आधार उरत नाही, म्हणून पैसे यूपीआयनेच द्या आणि ‘वाद्य चालू आहे, नेक सरळ आहे’ हे त्याच्याकडून मेसेजमध्ये लिहून घ्या. खरा विकणारा लिहून देतो.

आणि जाताना मोजपट्टी, ॲलन चाव्यांचा जुडगा, स्वतःची केबल घेऊन जा. दिवसाउजेडी जा, शांत जागी. चारही तारा, प्रत्येक फ्रेट, एकेक करून वाजवा, आवाज चारही तारांवर सारखा येतो का ऐका. ट्रस रॉडची चावी त्याच्यासमोर पाव फेरा फिरवून बघा. अडखळत, जोर घेत फिरली पाहिजे. त्याने हात लावू दिला नाही तर उठून या. रंग उडालेला, पॉट खरखरणारे, खुंट्या सैल, नट झिजलेला, यातल्या कशाला घाबरायचं कारण नाही, हे सगळं शे-पाचशेत आणि दोन रविवारांत सुधारतं. असा बेस तीन-चार हजारांत मिळाला तर जरूर घ्या, स्वतःच्या हाताने नीट केलेल्या वाद्याचा आनंद मी अनुभवलेला आहे.

भाचीला जूनमध्ये तो दुकानातला 11,500 चा घेऊन दिला. निम्मे पैसे तिच्या आजीने दिले. तो घ्यायला गेलो तेव्हा मोजपट्टी भाचीनेच धरली, 432 आणि पुढे 435, आणि फटीत कार्ड घालून बघितलं.

तो काळा बेस माझ्या दुकानात भिंतीला लावलेला आहे. बॉडी, खुंट्या आणि पिकअपचा एक तुकडा चांगला आहे, त्याचं काही बनवणारं कुणी असेल तर फुकट घेऊन जावं. लाल वायर मी काढलेली नाही, आणि नेकच्या मुळाशी चिरेभोवती पेन्सिलीने गोल करून ठेवलाय.