घरी आंबवायला सुरुवात करताय? आल्याची बिअर की कोंबुचा

ठाण्यात घोडबंदर रोडला राहायला आल्यापासून घरी बिअर करून बघायची इच्छा असलेली बरीच मंडळी भेटली. मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) कुठे मिळेल, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) कुठून मागवायचे, इथूनच बोलणं सुरू होतं. त्याच्या आधी दोन गोष्टी नीट माहीत असाव्यात. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 प्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आहे आणि त्यात बिअरही येते. ‘विकत नाही, घरच्यापुरती करतो’ म्हणून सुटका होत नाही. दुसरी अडचण हवेची. एल प्रकारच्या बिअरच्या यीस्टला साधारण 18 ते 22 अंश लागतात. ठाण्यातल्या स्वयंपाकघरात मे महिन्यात पारा 32 च्या आसपास असतो. इतक्या उष्म्यात यीस्ट घाई करतं आणि पेयाला थिनरसारखा उग्र वास येतो.

पण यीस्टची ती फसफस, रोज बरणी उघडून वास घेणं, पहिल्या बाटलीची उत्सुकता हे सगळं हवं असेल तर दोन चांगले मार्ग आहेत: आल्याची बिअर आणि कोंबुचा, म्हणजे गार केलेला गोड कोरा चहा आंबवून केलेलं पेय. दोन्हींना आपली उबदार हवा मानवते. मी दोन्ही करते, आणि नव्याने सुरू करणाऱ्याला आधी आल्याचीच बिअर करायला सांगते.

नावात बिअर असली तरी ही मुळात आलं, साखर, लिंबू आणि विरजण. इंग्लंडमध्ये हे पेय घरोघरी ज्या दाणेदार विरजणाने करत, त्याचा अभ्यास हॅरी मार्शल वॉर्ड यांनी 1892 मध्ये प्रसिद्ध केला. यीस्ट आणि जिवाणू त्यात एकत्र नांदतात, हे त्यांनी दाखवलं. आपल्याला तेवढंही शोधायला नको, आल्याच्या सालीवरचं यीस्ट पुरतं. जांभळी नाक्याच्या बाजारातून आलं आणा, माती जाईल इतकंच धुवा, सोलू नका. अर्धा लिटर पाण्यात रोज एक मोठा चमचा किसलेलं आलं आणि तेवढीच साखर घाला, ढवळा, सैल झाकून ठेवा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने यीस्ट दबतं, म्हणून पाणी उकळून गार केलेलं घ्या. मे महिन्यात तिसऱ्या दिवशी बरणीला कान लावला तर बारीक सरसर ऐकू येते. थंडीत पाच-सहा दिवस धरा.

मग 2 लिटर पाण्यात 100 ग्रॅम आलं आणि 150 ग्रॅम साखर उकळायची, पूर्ण गार झाल्यावर दोन लिंबं आणि विरजणाचं गाळलेलं पाणी साधारण 100 मिली घालायचं, आणि बाटल्या भरायच्या. पुढचं मात्र लक्ष देऊन वाचा. बाटली सोड्याची प्लास्टिकचीच घ्या आणि वर चार बोटं जागा सोडा. दर सहा तासांनी अंगठ्याने दाबून बघा. सुरुवातीला बाटली मऊ असते, मग हळूहळू ताठ होते, आणि अंगठा अजिबात आत जाईना की लगेच फ्रीजमध्ये. माझ्याकडे उन्हाळ्यात हे एका दिवसात होतं, जानेवारीत तीन दिवस लागतात. पहिल्या वर्षी मी काचेच्या बाटल्या कपाटात ठेवल्या होत्या. रात्री दोनला एक फुटली, काचेचा तुकडा प्लायच्या दारात रुतला. दिवसा दार उघडताना फुटली असती तर डोळ्यावर आली असती. तेव्हापासून काच बंद.

कोंबुचाचा स्वभाव उलटा. त्याला बंद बाटली नको, मोकळी हवा हवी. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं आणि जिवाणू हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचं आम्ल करतात. म्हणूनच चव आंबट, व्हिनेगरकडे झुकणारी. लिटरला दोन चहाचे चमचे साधी चहापत्ती (मसाला किंवा वेलची नको), 70 ग्रॅम साखर, जुना कोंबुचा 100 ते 150 मिली आणि स्कोबी, म्हणजे शहाळ्यातल्या मलईसारखी दिसणारी चकती. ती करणाऱ्या कुणाकडून तरी मिळते. काचेची बरणी, वर दुपदरी सुती कापड, रबर बँड. सात ते दहा दिवस, मे महिन्यात पाचव्या दिवसापासून चाखायचं. विरविरीत मलमल चालत नाही, पावसाळ्यात चिलटं त्यातून आत शिरतात. तपकिरी धागे दिसले तर घाबरू नका, ते यीस्ट असतं. कोरडी, केसाळ, हिरवी-काळी बुरशी दिसली तर मात्र चकतीसकट सगळं फेकायचं, वरचं काढून वापरायचं नाही.

कोंबुचाची मोठी सोय अशी, की तो वाट बघतो. गणपतीला दहा दिवस कोकणात गेलात तरी फार तर जास्त आंबट होईल, आणि तो पुढच्या खेपेला विरजण म्हणून वापरता येतो. आल्याचं विरजणही फ्रीजमध्ये राहतं, पण आठवड्याला एक चमचा आलं-साखर मागतं. भरलेल्या बाटल्यांना तर त्या एक ते तीन दिवसांत माणूस घरात लागतोच. सतत फिरतीवर असणाऱ्याने म्हणून सरळ कोंबुचाच धरावा.

दोन्हींत थोडं अल्कोहोल तयार होतंच. आपल्याकडे 0.5 टक्क्यांच्या वर गेलं की अन्नसुरक्षेच्या नियमांत ते मद्य ठरतं, आणि उबेत जास्त दिवस ठेवलेली आल्याची बाटली तिथवर सहज पोचते. म्हणून फ्रीजची वेळ चुकवू नका. घरात कोणी अल्कोहोल अजिबात घेत नसेल तर आधी स्पष्ट सांगा. गरोदर बाई, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना यातलं काहीच देऊ नका.

आधी आल्याची बिअर का, तर आठवड्या-दीड आठवड्यात प्यायला मिळते आणि चुकलं तर साखर-आल्यापलीकडे काही जात नाही. शिवाय बिअर करणाऱ्याला जे यायला हवं ते यातच हाताला बसतं: भांडी निर्मळ ठेवणं, यीस्टचा वेग ओळखणं, बाटलीतला दाब समजणं. चव मात्र बिअरसारखी कडू नसते, गोड-तिखट असते. बिअरमधला आंबटपणा आणि कोरडेपणाच आवडत असेल, तर कोंबुचा जिभेला जास्त जवळचा वाटेल.

पाणीकपातीच्या दिवशी बाटल्या धुवायला काढू नका, अर्धवट धुतलेल्या बाटलीत अख्खी खेप वाया जाते. आणि प्रत्येक बाटलीवर मार्करने तारखेबरोबर वेळही लिहा. मे महिन्यात सकाळी भरलेली आणि रात्री भरलेली बाटली एकाच वेळी तयार होत नाही.