क्रँकशाफ्टवर सैल झालेली पुली: कंपाउंड, बुश की शाफ्टची भराई?

जुन्या मोटारीच्या क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या टोकावर पुली सैल बसू लागली, की दुरुस्तीचे तीनच मार्ग विचारात घेण्याजोगे उरतात: फटीत रिटेनिंग कंपाउंड (धातूचे भाग एकमेकांना धरून ठेवणारे चिकट द्रव्य) भरणे, पुलीला बुश (भोकात बसणारी धातूची नळी) मारणे किंवा शाफ्टच्या टोकावर धातूचा थर भरून ते पुन्हा मापात आणणे. पत्री गुंडाळणे आणि शाफ्टवर पंचाने टोचे मारणे हे उपाय मी या तुलनेत घेतलेले नाहीत. टोच्यांचे उंचवटे थोड्याच जागी टेकतात आणि ते दबले की पुली पुन्हा हलू लागते. पण तोवर मूळ शाफ्ट मात्र कायमचा खराब झालेला असतो.

मार्ग ठरण्याआधी मापे हातात हवीत. पुली उतरवल्यावर शाफ्टवर लालसर तपकिरी पूड दिसली, तर दोन्ही भाग एकमेकांवर बारीक हालचालीने घासत होते असे समजावे. ही पूड पुसून मायक्रोमीटरने शाफ्टचा व्यास टोकाजवळ, मध्ये आणि आतल्या बाजूस, प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात दोनदा मोजावा, आणि पुलीचे भोकही तसेच मोजावे. कारण झीज क्वचितच सगळीकडे सारखी असते. पुली घट्ट धरणारा पुढचा बोल्ट, किंवा हँडल मारण्याच्या गाड्यांमधला दातेरी नट, खरोखर पुलीलाच दाबतो आहे ना, हेही याच वेळी पाहावे. त्याचा वॉशर पुलीऐवजी शाफ्टच्या टोकाला टेकत असेल, तर नट कितीही आवळला तरी पुली मोकळीच राहते आणि सगळा भार अर्धचंद्राकृती चावीवर, म्हणजे पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून दोघांच्या खाचांत बसवलेल्या तुकड्यावर, येतो. हा दोष तसाच ठेवून केलेली कोणतीही दुरुस्ती टिकणार नाही.

कंपाउंडचा मार्ग सर्वांत सोपा आहे, कारण त्यासाठी यंत्रकाम लागत नाही आणि मूळ भागांना हातही लागत नाही. हवा नसलेल्या बंद फटीत, धातूच्या सान्निध्यात हे द्रव्य घट्ट होते. पूर्ण बळ येण्यासाठी सामान्य तापमानाला चोवीस तास द्यावेत. तेलाचा अंश राहिला तर पकड बसत नाही, म्हणून दोन्ही पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने धुणे अपरिहार्य आहे. लॉकटाइट ६३८ सारखे कंपाउंड ०.२५ मिमीपर्यंतची फट भरते, आणि या आकड्यावर विसंबून अनेक जण तिथेच निर्णय घेतात. मला तो घाईचा वाटतो. कंपाउंड फट भरते, पण पुलीला मध्यावर आणत नाही. व्यासात ०.२ मिमीची फट असेल तर पुली एका बाजूला ०.१ मिमी सरकून तशीच चिकटू शकते, आणि डायल गेजवर (फिरत्या भागाची बाजूची हालचाल दाखवणाऱ्या मापकावर) तोच दोष ०.२ मिमीचा फेर म्हणून दिसतो. पुलीचा हब (मधला नळीसारखा भाग) पुढच्या ऑइल सीलमधून फिरत असेल, तर अशा वाकड्या फिरण्याने सील लवकर गळू लागते. त्यामुळे फट ०.०५ मिमीच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल आणि झीज सगळीकडे सारखी असेल, तेव्हाच मी एकट्या कंपाउंडवर भरवसा ठेवेन.

त्याहून जास्त झीज असेल तर बुश मारणे मला सर्वांत योग्य वाटते. यात लेथवर काम होते ते पुलीवर, म्हणजे त्यातल्या त्यात बदलता येण्याजोग्या भागावर; क्रँकशाफ्ट जागेवरच राहतो आणि इंजिन खोलावे लागत नाही. पुलीचे भोक मोठे करून त्यात पोलादी बुश घट्ट बसवतात आणि मग बुशचे आतले भोक शाफ्टच्या मोजलेल्या मापाला कापतात; त्यासाठी पुली लेथवर मूळ मध्यबिंदूवर लावणारा कारागीर हवा. ४० मिमी भोकाची ओतीव लोखंडी पुली १०० अंश सेल्सिअसने तापवली, तर भोक सुमारे ०.०४ मिमीने वाढते, त्यामुळे ०.०२ ते ०.०३ मिमी जास्त मापाचा बुश हातोडा न मारता आत उतरतो. अवघड भाग आहे चावीच्या खाचेचा. बुश पातळ असेल तर खाच त्याला आरपार चिरते: चावी पुलीच्या जुन्या खाचेपर्यंत पोचते, पण चिरलेल्या बुशची स्वतःची पकड कमी होते, म्हणून तिथे कंपाउंडची जोड द्यावी. बुश जाड असेल तर खाच त्याच्यातच संपते, आणि मग बुश पुलीत फिरू नये म्हणून सांध्यावर पिन मारून घ्यावी. पुलीत रबराचा डॅम्पर (कंपने शोषणारा भाग) असेल, तर तापवल्याने रबर सुटण्याचा धोका असतो. तिथे बुश थंड करून बसवावा.

शाफ्ट भरणे हा मार्ग मी केवळ दोन परिस्थितींत सुचवेन: शाफ्टवरची चावीची खाच फाटून रुंद झाली असेल आणि पायरीची चावी (एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद) करूनही भागत नसेल, किंवा इंजिन आधीच पूर्ण खोललेले असेल. वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्ट वाकू शकतो, तडाही जाऊ शकतो. मेटल स्प्रेमध्ये (वितळलेल्या धातूचा फवारा मारून थर चढवण्यात) उष्णता कमी लागते, पण थर धरण्यासाठी पृष्ठभाग खरबरीत करावा लागतो. दोन्हींनंतर ग्राइंडिंग आलेच, आणि शाफ्टला तडा नाही ना याची तपासणी कामाच्या आधी आणि नंतरही करून घ्यायला हवी.